वाघ्या घेवड्याची खीर, दूध-तूप न घालता

प्रश्न (वाईकर_स्वयंपाकी): घरात वाघ्या घेवडा (राजम्यासारखा पट्टेदार सुका दाणा), गूळ, सुकं खोबरं, खसखस, तांदूळ एवढं आहे. दूध, तूप, साय काहीही नको, ओला नारळही नाही. चार माणसांपुरती खीर करायची आहे. मागच्या वेळी घेवडा गुळासकट कुकरला लावला, सहा शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली टचटच लागत होता. वर घातलेलं नारळाचं दूधही फुटलं. चूक कुठे झाली?

कोरेगावचा_वाघ्या: चूक गुळाची. कडधान्य मऊ होण्याआधी गूळ पडला की दाणा आवळतो. गुळात थोडा आंबटपणा असतो, कॅल्शियमही असतं आणि साखरेमुळे दाण्यात पाणी कमी शिरतं, त्यामुळे साल सैल होत नाही. मग सहा काय, दहा शिट्ट्या करा.

एक वाटी घेवडा निवडून, धुऊन रात्रभर भिजवा, किमान आठ तास. फुगून दोन वाट्यांच्या वर होतो. भिजवलेलं पाणी ओतून द्या, खिरीत घेऊ नका. ताज्या तीन वाट्या पाण्यात, झाकण न लावता, दहा मिनिटं खळखळून उकळू द्या आणि वरचा फेस काढून टाका. राजम्यासारखाच घेवडाही अर्धाकच्चा पोटाला बाधतो, उलट्या-जुलाब होतात. मंद आचेवर नुसता गरम ठेवून हा दोष जात नाही. मग चमचाभर तेल घालून कुकर लावा: चार शिट्ट्या मोठ्या आचेवर, पुढे दहा मिनिटं बारीक. कुकर निम्म्याच्या वर भरू नका, फेस शिट्टीत अडकतो. वाफ आपोआप जिरू द्या.

दाणा जीभ आणि टाळूमध्ये दाबला की विरघळला पाहिजे. मध्ये खडूसारखा कण लागला तर अजून दोन शिट्ट्या, गूळ नंतरच. शिजल्यावर सालीवरचे वाघाचे पट्टे राहत नाहीत, त्यामुळे रंग पाहून गोंधळू नका.

मिरजेची_खपली: पुढचं मी सांगते. आमच्याकडे खपली गव्हाची हुग्गी (गुळाची खीर) करतात, त्याच वळणाने ही खीर करा. अर्धी वाटी खोबऱ्याचा कीस मंद आचेवर बदामी भाजा. एक मोठा चमचा खसखस कोरडीच भाजून अर्धा तास गरम पाण्यात भिजवा. दोन चमचे तांदूळही वेगळे भिजवा. तिन्ही एकत्र वाटीभर कोमट पाणी घालून गंधासारखं वाटा. गाळू नका. खीर दाट होते ती या वाटणामुळेच, दूध आठवतही नाही.

पाऊण वाटी चिरलेला गूळ अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवून गाळून घ्या, तळाशी वाळू आणि चिपाडाचा कचरा निघतोच. घेवड्यातला एक तृतीयांश रवीने घोटा, बाकी अख्खा राहू द्या. आधी वाटण घालून पाच मिनिटं ढवळत शिजवा (तळाला लागतं, हात थांबवू नका), मग गूळ आणि चिमूटभर मीठ, पुन्हा पाच-सहा मिनिटं. शेवटी पाव चमचा सुंठ आणि किंचित जायफळ. वेलची घालायची तर जायफळ अगदी नावापुरतं. मूठभर बेदाणे असतील तर गुळाबरोबरच टाका, छान फुगतात.

वाईकर_स्वयंपाकी: पॅकेटमधलं नारळाचं दूध घातलं तर? ते का फुटतं?

मिरजेची_खपली: खळखळून उकळलं की त्यातलं तेल आणि पाणी वेगळं होतं. घालायचंच तर गॅस बंद करून, खीर जरा निवल्यावर, अर्धी वाटी. नंतर उकळी आणू नका. तांदळाचं वाटण आधी शिजलेलं असलं की फुटायची भीती बरीच कमी. पण खोबरं-खसखस असताना पॅकेट कशाला फोडायचं?

बोअरचं_पाणी: गुळाशिवायही घेवडा शिजत नसेल तर पाणी तपासा. बोअरच्या जड पाण्यात कडधान्य नीट मऊ होत नाही. पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा, नाहीतर वाटीमागे चिमूटभर खायचा सोडा भिजवताना घाला. जास्त झाला तर साबणासारखा वास येतो आणि साली सुटतात. डब्यात दोन-तीन वर्षं पडून असलेला घेवडा मात्र सोडा घालूनही हटत नाही, तो टाकूनच द्या.

कोरेगावचा_वाघ्या: सोड्याबद्दल सहमत. आणखी एक: खीर हवी त्यापेक्षा पातळच उतरवा, अर्ध्या तासात घट्ट होते. गोडी दाण्यात मुरायलाही तेवढा वेळ लागतो, म्हणून गोड कमी वाटलं तरी लगेच गूळ वाढवू नका. भिजवायला वेळ नसेल तर मुगाची डाळ कोरडी भाजून हीच कृती करा, तीन शिट्ट्या पुरतात आणि गूळ अर्धी वाटी.

वाईकर_स्वयंपाकी: घेवडा आत्ताच भिजत टाकला. सुंठ संपली आहे, आलं चालेल?

मिरजेची_खपली: नको, खिरीत ओल्या आल्याचा उग्र वास राहतो. चमचाभर बडीशेप भरड कुटून घाला.