मदत हवी आहे: रात्री नाक पूर्ण बंद होतं, झोप नाही (इंदूर)

नारायणबागवाला
मंडळी, रात्रीचे पावणेतीन वाजलेत आणि मी तीन उशा रचून पलंगावर बसलोय. दोन्ही नाकपुड्या बंद. तोंडाने श्वास घेऊन घेऊन घशाला कोरड पडलीय. हे आता रोजचंच झालंय. वाफ घेतली, तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी हुंगली, हळदीचं दूध प्यालो, बाम चोळून चोळून नाकाची कातडी सोलली. थेंब टाकले की दोन तास बरं वाटतं, परत तेच. सकाळी पीथमपूरची कंपनीची बस असते आणि दिवसभर मशीनपाशी उभं राहायचं असतं. परवा बसमध्ये झोप लागून माझा स्टॉप पुढे गेला.

नाक रात्रभर उघडं राहील असा घरगुती उपाय कोणाला माहीत आहे का? कृपया ईएनटीकडे (कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे) जा असं सांगू नका, जाऊन आलोय. पडदा वाकडा आहे, मांस वाढलंय, ऑपरेशन करा म्हणून राहिलेत. मला ऑपरेशन नकोय. लवकर सांगा.

सुदामानगरची मावशी
बाळा, गाईचं साजूक तूप कोमट करून झोपताना दोन्ही नाकपुड्यांत दोन दोन थेंब घाल. आमच्या सासूबाई शेवटपर्यंत घालायच्या, कधी सर्दी झाली नाही त्यांना. रात्री दही-ताक बंद कर. आणि सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री अकराला जाऊन रबडी खात असशील तर तीही बंद.

वैदेही, रावपुरा
थेंब कुठले? किती दिवसांपासून? दिवसातून किती वेळा?

लष्करकर
नमस्कार. ग्वाल्हेरला तर धूळ तुमच्यापेक्षा जास्त, पण गेली बावीस वर्षं मला नाकाचा त्रास नाही. कारण एकच, रोज सकाळी जलनेती. तांब्याचा नेतीपात्र आणा, कोमट मिठाचं पाणी एका नाकपुडीतून घालून दुसरीतून काढा, नंतर कपालभाती करून नाक कोरडं करा. महिन्याभरात सगळी औषधं फेकून द्याल. तूप वगैरे ठीक आहे, पण आधी नाक धुवायला नको का?

नारायणबागवाला
वैदेहीताई, थेंब साधेच आहेत, कुठल्याही मेडिकलवर मिळतात ते. थेंबांचा प्रश्नच नाही, त्यांनीच तर जरा आराम पडतो. प्रश्न नाकाचा आहे.
लष्करकर, बघतो. पण आज रात्रीसाठी काय?

दवा बाजार
मी इंदूरच्या दवा बाजारात वीस वर्षं आहे. भाऊ, बाटली हातात घ्या, मोबाइलचा टॉर्च लावा आणि लेबलवर बारीक अक्षरात औषधाचं जे नाव आहे ते इथे लिहा. शेजारी टक्क्यांत आकडा असेल, तोही लिहा. आणि एक बाटली किती दिवस पुरते?

खजरानाकडचा
मेट्रोचं खोदकाम सुरू झाल्यापासून आमच्या घरात तिघांची नाकं बंद आहेत. खिडकीच्या गजावर बोट फिरवलं तर पीठ निघतं. थेंबाबिंबांचं सोडा, घर बदला.

नारायणबागवाला
झायलोमेटाझोलिन ०.१ टक्के. दहा मिलीची बाटली. आधी महिनाभर जायची, आता चार दिवसांत संपते. सुरुवात मुलगी झाली तेव्हा झाली, साध्या सर्दीसाठी घेतले होते. ती आता पहिलीत आहे.

वैदेही, रावपुरा
म्हणजे सहा वर्षं.
दादा, मी तुमच्याच जागी होते, म्हणून खोदून विचारत होते. माझी चार वर्षं गेली. तुमचं नाक आता सर्दीने बंद होत नाहीये, ते थेंबांनी बंद होतंय.

दवा बाजार
ताई बरोबर सांगताहेत. हे औषध नाकाच्या आतल्या रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून काही मिनिटांतच नाक मोकळं होतं. असर उतरला की त्याच रक्तवाहिन्या फुगतात, आधीपेक्षा जास्त. मग परत थेंब. थोडे दिवस घेतलं तर काही होत नाही, म्हणूनच लेबलवर मोजके दिवस लिहिलेले असतात. पुढे गेलं की हे चक्र सुरू होतं. डॉक्टरांच्या भाषेत याला ऱ्हायनायटिस मेडिकामेन्टोजा म्हणतात, म्हणजे औषधाने झालेला नाकाचा आजार. माझ्या काउंटरवर असे लोक रोज येतात. थेंब मागताना डोळ्याला डोळा देत नाहीत, त्यावरून मी ओळखतो.

दोन गोष्टी सांगा. ईएनटीवाल्यांना थेंबांचं सांगितलं होतं का? आणि दुसरा कुठला आजार, कुठली गोळी चालू आहे का?

नारायणबागवाला
त्यांनी विचारलं नाही, मी बोललो नाही. टॉर्च लावून पाहिलं आणि ऑपरेशन लिहून दिलं.
बीपीची गोळी आहे, तीन वर्षं झाली. मध्ये एकाच्या दोन झाल्या. त्याचा नाकाशी काय संबंध म्हणून लिहिलं नव्हतं.

दवा बाजार
संबंध आहे. रक्तवाहिन्या आकसवणारं औषध थोडंफार रक्तातही उतरतं. बीपी, काचबिंदू, थायरॉइड, प्रोस्टेट असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. तुम्ही तर दिवसाला दहा-बारा वेळा घेत असणार. दोन गोळ्या याच्यामुळेच लागताहेत असं मी म्हणणार नाही, ते ठरवणं माझं काम नाही. पण तुमच्या बीपीच्या डॉक्टरांना हे माहीत असायलाच हवं. उद्याच सांगा. आणि गोळी मनाने कमी करू नका. सर्दीच्या काही गोळ्यांतही फिनाइलएफ्रिन, असंच आकसवणारं औषध, असतं, त्याही विचारून घ्या.

सुदामानगरची मावशी
म्हणूनच सांगत होते, तूप घाल. तुपाने कोणाचं बीपी वाढलेलं ऐकलंय का?

दवा बाजार
मावशी, राग मानू नका. झोपताना पाठीवर पडून तेल-तूप नाकात सोडलं तर थोडं थोडं श्वासनळीत उतरतं आणि वर्षानुवर्षं चाललं तर फुप्फुसाला सूज येऊ शकते. कोरड्या नाकाला बोटाने आतून हलकं लावलं तर गोष्ट वेगळी.

सुदामानगरची मावशी
सासूबाई ब्याऐंशीच्या होऊन गेल्या. फुप्फुसाचं काही नव्हतं त्यांना.

टिळकनगर
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण बीपीचं निघालंय म्हणून विचारते. आमच्या यांना मशीन घेऊन दिल्यापासून दिवसातून पंधरा वेळा बीपी मोजतात. जेवताना, फोन ठेवल्यावर, मॅच बघताना. आकडा वाढलेला दिसला की घाबरतात, परत मोजतात, तो आणखी वाढतो. वही भरली. काल मुलाच्या सासऱ्यांसमोर पट्टा बांधून बसले. काय करावं?

लष्करकर
ताई, त्यांना अनुलोम-विलोम करायला सांगा. आणि सगळ्यांसाठीच सांगतो, दोन्ही नाकपुड्या कधीच सारख्या चालत नाहीत. दर काही तासांनी एक मोकळी आणि दुसरी मंद, असं आळीपाळीने चालतं. याच दोन बाजूंच्या श्वासांना आपल्याकडे इडा आणि पिंगळा म्हणतात. कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी आपसूक जड होते. हा काही आजार नाही, निसर्गच आहे. लोक एक नाकपुडी जड वाटली की बाटली काढतात.

दवा बाजार
हे मात्र लष्करकरांचं शंभर टक्के खरं.
टिळकनगर ताई, घरी मोजायचं तर सकाळी आणि संध्याकाळी, पाच मिनिटं शांत बसून, मिनिटाच्या अंतराने दोनदा. बाकी वेळ मशीन कपाटात. चावी तुमच्याकडे.

वैदेही, रावपुरा
लष्करकर, जलनेतीबद्दल एक. नळाचं पाणी सरळ नाकात घालू नका, उकळून गार केलेलंच घ्या. कच्च्या पाण्यात नाकावाटे मेंदूत जाणारा अमीबा असू शकतो. फार क्वचित होतं, पण झालं तर माणूस वाचणं कठीण. पाव लिटर उकळलेल्या पाण्यात अर्धा छोटा चमचा साधं मीठ, आयोडीनचं नको.

लष्करकर
बावीस वर्षं नळाच्याच पाण्याने करतोय.

वैदेही, रावपुरा
आजपासून उकळा ना काका. गॅस किती लागतो त्याला?

खजरानाकडचा
आमच्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून चढवून येतं, स्वच्छ दिसतं, पण नाकात घालायचं तर तेही उकळावंच लागेल.

नारायणबागवाला
पाण्याचं नंतर बोला. मला सांगा, थेंब बंद कसे करू? परवा बायकोने बाटली लपवली. रात्री एक वाजता मी चपला घालून निघालो आणि मोठ्या हॉस्पिटलसमोरच्या रात्रभर उघड्या मेडिकलपर्यंत चालत गेलो. काउंटरवरच झाकण काढलं. पैसे द्यायच्या आधी. घरी आलो तर ती दारात उभी होती, काहीच बोलली नाही. ते मला फार लागलं. एक बाटली खिशात, एक स्कूटरच्या डिकीत, एक कंपनीच्या लॉकरमध्ये आणि एक उशीखाली असते. नाक उघडं असलं तरी मीटिंगला जायच्या आधी टाकतो, न जाणो. अंधारात एका अंगठ्याने झाकण उघडतं माझं.

वैदेही, रावपुरा
दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या पर्समध्ये दोन असायच्या आणि दांडिया बाजारातल्या तीन वेगवेगळ्या दुकानांतून घ्यायचे, एकाला कळू नये म्हणून.

माझ्या डॉक्टरांनी एका वेळी एकच नाकपुडी सोडवली. उजवीचे थेंब बंद, डावीचे चालू. त्यामुळे रात्री एकीतून तरी श्वास येतो आणि जीव घाबरा होत नाही. सोबत त्यांनी नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे दिला होता, त्याचा गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तो थेंबांसारखा लगेच उघडत नाही म्हणून लोक तिसऱ्या दिवशी सोडतात. मीही एकदा सोडला होता. उजवी नऊ रात्री दगडासारखी होती. दहाव्या रात्री बारीक शीळ वाजल्यासारखा श्वास आला आणि मी उठून बसले. ती पूर्ण सुटल्यावर मग डावी.

नाक सुटलं तरी हात सुटत नव्हता. पर्सच्या त्याच कप्प्यात मी मिठाच्या पाण्याची बाटली ठेवली. सवय झाली की हात जाणारच, तर जाऊ दे, पण हाताला लागायची ती सलाइन. चार-पाच महिने लागले.

टिळकनगर
स्टेरॉइड? माझ्या भावजयीला स्टेरॉइडने साखर झाली. नको बाई.

दवा बाजार
पोटातून घ्यायच्या गोळ्या आणि नाकातला स्प्रे यांत फार फरक आहे ताई. स्प्रेचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. त्रास होतो तो चुकीच्या मारण्याने, नाकातून रक्त येतं. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, टोक मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेर, कानाच्या दिशेला. मान मागे टाकायची नाही, जोरात ओढायचं नाही. पण हेही डॉक्टरांनीच लिहून द्यायचं, मी बिनचिठ्ठीचं देत नाही.

आणि भाऊ, बामाने नाक उघडत नाही. मेन्थॉलमुळे गार वाटतं आणि मेंदूला हवा जास्त आल्याचा भास होतो. कातडीला आराम द्या.

राजेंद्रनगर_आई
माझा मुलगा साडेचार वर्षांचा, तोंड उघडं ठेवून झोपतो आणि घोरतो. हेच थेंब टाकले तर चालतील का? घरात आहेत.

दवा बाजार
नाही! मोठ्यांचे ०.१ टक्क्यांचे लहानांना अजिबात नाही. घोरतोय तर नाकामागच्या ॲडेनॉइडच्या गाठी असू शकतात. मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, या आठवड्यातच.

नारायणबागवाला (बारा दिवसांनी)
लिहायला उशीर झाला, माफ करा. दुसऱ्याच दिवशी बीपीच्या डॉक्टरांकडे गेलो आणि बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा काढून वाचली आणि विचारलं, किती वर्षं? आधी हे सोडवू, गोळ्यांचं महिन्याने बघू म्हणाले. दुसऱ्या ईएनटीकडे गेलो, या वेळी सगळं सांगितलं. पडदा थोडाच वाकडा आहे, सूज उतरल्यावर परत बघू, तोवर ऑपरेशनचं नाव नको, असं म्हणाले. स्प्रे लिहून दिला, एकेका नाकपुडीची रीतही तीच सांगितली.

उजवी सोडली. तिसरी आणि चौथी रात्र वाईट गेली. चौथ्या रात्री उठून डिकीपर्यंत गेलो होतो, पण त्यातली बाटली बायकोने बदलून सलाइनची ठेवली होती. मी तिथेच पार्किंगमध्ये उभं राहून तीच नाकात टाकली. लॉकरमधलीही काढली आहे.

आज सकाळी ती पोहे करत होती. मी दाढी करत होतो आणि मला पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याचा वास आला. डावी बोटाने दाबून पाहिली, तरी आला. उजवीतून. किती वर्षांनी, सांगता येत नाही. तिला हाक मारली, तिला वाटलं मला कापलं.

वैदेही, रावपुरा
दादा, वाचून डोळ्यांत पाणी आलं. डावी लगेच सोडू नका, आठवडाभर उजवी अशीच राहू दे.

लष्करकर
अभिनंदन. मी पाणी उकळायला लागलोय, वैदेहीला सांगा.

सुदामानगरची मावशी
पोह्यांबरोबर जलेबी नको हो बाळा, बीपी आहे ना तुला. आणि बायकोला माझा आशीर्वाद सांग.

टिळकनगर
मशीन कपाटात ठेवलं. आता हे नाडी मोजताहेत, घड्याळ समोर ठेवून. कोणी सांगा ना.

नारायणबागवाला
मावशी, सांगितलं तिला. डावी पुढच्या सोमवारपासून. त्या आठवड्यात पहिल्या शिफ्टमधून बदली मागून घेतलीय, तीन-चार रात्री जागाव्या लागतील म्हणून.