ओर्व्हिएतो एका दिवसात: आईचा गुडघा आणि ती विहीर

फोंडेकर:
सप्टेंबरात रोमला चार रात्री आहोत. मी, बायको, ११ वर्षांचा मुलगा आणि आई (६९, डावा गुडघा कुरकुरतो). एक दिवस डोंगरावरच्या एखाद्या जुन्या गावासाठी राखलाय. ओर्व्हिएतो की असिसी, यावर घरात दोन पक्ष पडलेत. पोराने ओर्व्हिएतोच्या विहिरीचा व्हिडिओ पाहिल्यापासून तो दुसरं काही ऐकत नाही. आईला झेपेल का? शिवाय आमचा दिवस नेमका सोमवार, आई सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी.

साखळीकर:
असिसी करा. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च पाहता ना, त्या संताचं हे गाव, समाधीही तिथेच. विहिरी काय फोंड्यात कमी आहेत?

म्हार्दोळची:
साखळीकर, असिसी सुंदरच, पण रोमहून ट्रेनने जायलाच दोन तासांच्या वर लागतात, मग स्टेशन खाली, गाव वर, मध्ये बस. म्हाताऱ्या माणसाला घेऊन एका दिवसात ओर्व्हिएतोच बरं. साधी रीजनल ट्रेन सव्वा-दीड तासात पोचवते. स्टेशनासमोरच फ्युनिक्युलर आहे, म्हणजे दोराने ओढून डोंगरावर नेणारी छोटी रेल्वे. १८८८ साली सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची, आता विजेवर. सासूबाई (७१) आत बसल्या आणि म्हणाल्या, "दिवाडच्या फेरीबोटीपेक्षा बरी, हलत नाही."

विहीर वरच्या स्टेशनाला लागूनच आहे. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं, पोप सातवा क्लेमेंट पळून इथे आला. वेढा पडला तर पाणी कुठलं, या धास्तीने त्याने ती खणायला लावली. काम वास्तुकार आंतोनियो दा सांगाल्लोचं. पुरं झालं १५३७ मध्ये, तोवर पोप वारलाही होता. खोली ५३ मीटर, रुंदी १३. मधल्या पोकळीभोवती एकमेकांत गुंफलेले दोन जिने, प्रत्येकी २४८ पायऱ्या. पाण्याची खेचरं एकाने उतरायची, तळाच्या छोट्या पुलावरून पलीकडे जायची आणि दुसऱ्याने चढायची. वाटेत समोरासमोर गाठ पडायचीच नाही. आमच्या घाटात एवढी अक्कल कोणी वापरली असती तर!

पायऱ्या खेचरांसाठी म्हणून बुटक्या आणि रुंद. उतरताना वाटतं, काय हे सोपं! इथेच माणूस फसतो. आमच्या सासूबाई चाळीसेक पायऱ्या उतरल्या, भिंतीतल्या खिडकीतून खाली वाकल्या, "बांय (विहीर) बघितली, पुरे" म्हणाल्या आणि माघारी फिरल्या. वरून येणारी माणसं भिंतीला चिकटून त्यांना वाट देत होती. तेव्हा आईंना शेजारच्या आल्बोर्नोझ किल्ल्याच्या बागेत बसवा. तटावरून सगळी दरी दिसते. तासाभरात तुम्ही वर याल, धापा टाकत.

हा क्लेमेंट फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातला. जुन्या गोव्याच्या बॉम जीझस चर्चमध्ये सेंट झेवियरची शवपेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे, तो पाठवला तोस्कानाच्या तिसऱ्या कोझिमोने, तोही मेदिची. १६९८ मध्ये तो गोव्यात उभा राहिला. जायच्या आधी पोराला तिथे एक फेरी मारून आणा.

दुओमोपर्यंत, म्हणजे गावातल्या मुख्य चर्चपर्यंत, वरून मिनीबस मिळते. पायाभरणी १२९०ची. बाजूच्या भिंती पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या, दर्शनी भाग सोन्याच्या मोझाइकचा. आम्ही मात्र जास्त वेळ घालवला खालच्या चार खांबांपाशी. आदाम-हव्वेपासून शेवटच्या निवाड्यापर्यंत सगळी कथा दगडात कोरलीय आणि डोळ्यांच्या उंचीवर आहे, मान मोडत नाही. नरकातल्या माणसांच्या चेहऱ्यांवर सासूबाई पाच मिनिटं बोलल्या. आत सिन्योरेल्लीची चित्रं (१४९९ ते १५०४) चुकवू नका. खांदे झाकलेले हवेत.

डिचोलीकर:
माझ्या घरचा चिऱ्यांचा धंदा, म्हणून मला विहिरीपेक्षा जमिनीखालचं गाव आवडलं. कडा तुफाचा आहे, ज्वालामुखीतून पडलेल्या राखेचा मऊ दगड. आपल्या चिऱ्याची जात वेगळी, पण टिकावाचं ऐकतो तसाच. मग काय, एत्रुस्कन (रोमनांच्या आधीचे इथले लोक) काळापासून ज्याने त्याने आपल्या घराखाली खणलं. बाराशेच्या आसपास गुहा सापडल्यात. काही भिंतींना चौकोनी कोनाडेच कोनाडे, ती कबुतरांची खुराडी, मांसासाठी पाळायचे. अरुंद विहिरींच्या कडांना पाय ठेवायला खाचा केल्यात, आमचे कामगार खाणीत करतात तशाच. गाइडबरोबरच आत सोडतात. मध्ये अरुंद जिना आहे, आईंना इथेही नको.

फोंडेकर:
ताई, दादा, खूप आभार. ओर्व्हिएतो पक्कं. आई म्हणते, बागेत बसेन, पण नरकातली माणसं मला दाखवायचीच. जेवणाचं?

म्हार्दोळची:
उंब्रिकेल्ली मागा. पीठ आणि पाण्याची जाड शेवई, अंडं नसतं. टोमॅटो-लसणाबरोबर मिळते. "सेन्त्सा कार्ने", म्हणजे मांस नको, एवढं पाठ करून जा. दुपारी बरीच दुकानं बंद असतात, त्याचं आपल्याला काय नवल! आणि पोराला स्वेटर द्या. वर कितीही ऊन असो, विहिरीच्या तळाशी गारठा असतो.