केप टाउनचे द्वीपकल्प एका दिवसात: फेरी कोणत्या बाजूने सुरू करावी?

नेरुळवासी (प्रश्न):
डिसेंबरअखेरीस आम्ही चौघे केप टाउनला जात आहोत. तेथून द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाशी असलेल्या केप पॉइंटपर्यंत जाऊन परत येण्यासाठी एक दिवस राखून ठेवला आहे. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून झाला असून गाडी मीच चालवणार आहे. सोबत सत्तरीची आई आहे. तिला घाटात गाडी लागते आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या चॅपमन्स पीकच्या रस्त्याला तर ११४ वळणे असल्याचे वाचले. तो रस्ता सकाळी उपाशीपोटी पार करावा, परतीला ठेवावा की सरळ टाळावा?

हिरानंदानी_इस्टेट:
टाळू नका, परतीला ठेवा. तिकडेही आपल्यासारखेच डावीकडून वाहन चालवतात, त्यामुळे दिशेचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. सकाळी म्युझेनबर्ग, कॉक बे, सायमन्स टाउन अशा पूर्व किनाऱ्याने खाली गेलात आणि केप पॉइंटहून स्कारबरो, कोमेकी, नूर्डहूकमार्गे पश्चिम किनाऱ्याने वर आलात, तर दोन्ही वेळा समुद्र तुमच्या डाव्या हाताला, म्हणजे तुमच्याच मार्गिकेच्या बाजूला राहतो आणि थांब्यांवर गाडी वळवताना समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही. आईंना पुढे डावीकडे बसवा. चॅपमन्स पीकचा रस्ता जेमतेम ९ किलोमीटरचा, म्हणजे जवळपास आपल्या पामबीच रस्त्याएवढाच आहे. दोन ठिकाणी थांबलात तर त्यांना त्रास होऊ नये. डिसेंबरात तिथे सूर्य आठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे परतताना अटलांटिकवरचे ऊनही मिळेल.

मात्र आदल्या रात्री रस्ता चालू असल्याची खात्री करून घ्या. १९१५ ते १९२२ या काळात कडा फोडून तो बांधला गेला, पण वरचा डोंगर अजूनही सुटा आहे. दरडींमुळे २००० साली बंद केलेला हा रस्ता जाळ्या बसवून, काही भाग कड्याच्या पोटात घेऊन २००३ च्या अखेरीस टोल लावून उघडला. माळशेज पावसाळ्यात पाहिलेल्यांना याचे नवल वाटणार नाही.

वाशी_सेक्टर_१७:
दिशेबद्दल सहमत आहे, पण वरील उत्तरात केप पॉइंटला किती वेळ द्यावा हे राहिले. तेथे निदान तीन तास ठेवा आणि केप पॉइंट ज्या अभयारण्यात आहे त्याचे फाटक सूर्यास्तापर्यंत उघडे राहील असे धरू नका. आईंना पायऱ्या चढायला लावू नका. सप्तशृंगी गडावर आहे तशी फ्युनिक्युलर गाडी तिथेही आहे. वरचे जुने दीपगृह १८६० चे. ते सुमारे २५० मीटर उंचीवर बांधल्यामुळे अनेकदा धुक्यात हरवत असे आणि १९११ मध्ये 'लुसितानिया' हे पोर्तुगीज जहाज खालच्या खडकांवर फुटल्यावर बरेच खाली, ८७ मीटरवर, नवे दीपगृह उभारले गेले. वर गेल्यावर हे स्वतःच्या डोळ्यांनी पटते: आम्ही पोहोचलो तेव्हा पायाखाली ढग होते आणि समुद्राचा फक्त आवाज येत होता.

अटलांटिक आणि हिंदी हे दोन महासागर इथेच मिळतात असे कोणी सांगितले तर मान डोलवा आणि पुढे चला. ते जिथे मिळतात असे मानले जाते ते आफ्रिकेचे दक्षिण टोक तिथून सुमारे १५० किलोमीटर आग्नेयेला, केप अगुल्हासला आहे.

नेरुळवासी:
दोघांचेही आभार. पेंग्विन पाहायचे असतील तर कुठे थांबावे? आणि आईसाठी घरून ठेपले नेणार आहोत, ते बाहेर बसून खाता येतील का?

हिरानंदानी_इस्टेट:
पेंग्विन सायमन्स टाउनजवळ बोल्डर्स येथे, म्हणजे जातानाच लागतील. गर्दीच्या आधी, सकाळी लवकर पोहोचा. ठेपले मात्र केप पॉइंटच्या परिसरात अजिबात बाहेर काढू नका. तिथल्या बबून माकडांना गाडीची दारे उघडता येतात आणि माथेरानच्या माकडांपुढे ती बरीच धिप्पाड आहेत. काचा वर, दारे कुलूपबंद आणि डबा डिकीत ठेवा. आईंना नाश्ता सायमन्स टाउनमध्येच, पण वळणांचा विचार करून हलका द्या.