मतदानाच्या दिवशी पाऊस: टक्का नेमका किती घसरतो, आणि तो मोजायचा कसा?

रांगेतला_आकडा

तीन निवडणुकांचे केंद्रनिहाय मतदानाचे आकडे घेतले आणि त्यांच्या शेजारी त्या त्या तारखेचा जवळच्या पर्जन्यमापकावरचा पाऊस मांडला. पाऊस जास्त तिथे मतदान कमी, असं दिसायला हवं होतं. निघतंय उलटंच: जास्त पावसाच्या केंद्रांवर टक्का थोडा वरच आहे.

माझी मांडणी कुठे चुकतेय? बाहेरच्या अभ्यासांत घसरण साधारण किती निघालेली आहे? आणि मुख्य म्हणजे, पाऊस माणसाला घरातच अडवतो की केंद्रावर आलेल्याला परत पाठवतो? हे सगळं केंद्रांच्या तयारीच्या टिपणासाठी हवं आहे, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाला जास्त वजन.

---

हवापाणी

आधी तारीख तपासा, बहुतेक तिथेच घोळ आहे. भारतात रोजचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि आधीच्या २४ तासांत जे पडलं ते त्या दिवसाच्या तारखेवर लिहितात. मतदान २१ तारखेला असेल, तर २१ च्या रकान्यातला पाऊस २० च्या सकाळी ८:३० ते २१ च्या सकाळी ८:३० असा आहे. मतदान सकाळी सातला सुरू झालं असं धरलं तर त्यातला दीड तासच तुमच्या कामाचा, बाकी साडेबावीस तास मतदान सुरू होण्याआधीचे. रात्रभर कोसळून सकाळी उघडलं, लोक मोकळेपणाने बाहेर पडले, की कागदावर "भरपूर पाऊस, भरपूर मतदान" असं दिसणारच.

मग २२ चा रकाना घ्यावा का? त्यात दिवसाचा पाऊस येतो, पण मतदान सहाला संपल्यानंतरचे साडेचौदा तासही येतात. म्हणून रोजची बेरीज या कामाला मुळात अपुरी आहे, तासातासाचा पाऊस हवा. स्वयंचलित हवामान केंद्राची नोंद मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर दोन पर्याय: ईरा-५ ही हवामानाच्या नोंदी आणि संगणकीय प्रारूप जुळवून काढलेली तासागणिक मालिका १९४० पासून आहे, चौकट ०.२५ अंशाची, म्हणजे साधारण २५ ते २८ किलोमीटर. आणि उपग्रहांवरून काढलेली आयमर्ग दर अर्ध्या तासाची, ०.१ अंशाची, साधारण ११ किलोमीटर.

या दोन्हींच्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात. आपले सकाळचे ७ म्हणजे तिथले पहाटेचे १:३०, आपले संध्याकाळचे ६ म्हणजे तिथले दुपारचे १२:३०. ईरा-५ चे तास पूर्णांकावर सुरू होतात, त्यामुळे दोन्ही टोकांना अर्धा अर्धा तास इकडेतिकडे होतो. आयमर्ग बरोबर बसते. हे साडेपाच तास विसरून केलेली कोष्टकं पुष्कळ सापडतात आणि ती वरून अगदी व्यवस्थित दिसतात.

पाऊस तीन तुकड्यांत मांडून पाहा: ७ ते १०, १० ते ३, ३ ते ६. दुपारी एकला पडलेले १५ मिमी आणि संध्याकाळी पाचला पडलेले १५ मिमी यांची किंमत सारखी नाही. दुपारचा पाऊस चुकवून नंतर येता येतं. पाचचा चुकवला की मतदानच चुकलं.

---

आकडेमोड

हवापाणी यांनी सांगितलेली तारीख दुरुस्त केल्यावरही उलटं नातं थोडं शिल्लक राहू शकतं, कारण तुम्ही जागांची जागांशी तुलना करताय. मुळात जास्त पावसाच्या पट्ट्यात मतदानाची सवयच जास्त असेल, तर ती सवय पावसाच्या खात्यावर जमा होते. तुलना त्याच केंद्राची त्याच केंद्राशी हवी, आणि पाऊस नुसता मिलिमीटरमध्ये न घेता त्या तारखेच्या सरासरीपेक्षा किती कमी-जास्त, असा घ्यावा. जिथे रोज २० मिमी पडतो तिथे २० मिमीला कोणी अडत नाही.

आणखी दोन गोष्टी. एका पर्जन्यमापकाचा आकडा शे-दीडशे केंद्रांना चिकटवला, तर वळवाच्या सरीत तो निम्म्या केंद्रांना लागूच नसतो. अशा चुकीने परिणाम शून्याकडे ओढला जातो, म्हणजे खरी घसरण असली तरी दिसत नाही. आणि एका ढगाखालची ३०० केंद्रं म्हणजे ३०० स्वतंत्र नोंदी नव्हेत. आकडा किती मागेपुढे असू शकतो ही मर्यादा काढताना ती एकत्र गटात धरा, नाहीतर नसलेला ठामपणा येतो.

आता अभ्यास. गोमेझ, हॅन्सफोर्ड आणि क्राउझ यांचं २००७ चं काम सगळ्यात जास्त सांगितलं जातं. अमेरिकेतल्या १९४८ ते २००० या काळातल्या १४ अध्यक्षीय निवडणुका आणि २२ हजारांहून जास्त हवामान केंद्रांच्या नोंदी त्यांनी वापरल्या. सरासरीपेक्षा एक इंच, म्हणजे २५ मिमी जास्त पावसाला मतदान जेमतेम १ टक्क्याने खाली, आणि एक इंच हिमवर्षावाला जवळपास अर्धा टक्का. नेदरलँड्समध्ये १९७१ ते २०१० च्या १३ संसदीय निवडणुकांवरून साधारण हाच दर आला: २५ मिमीला १ टक्का. तिथे तापमान १० अंशांनी वाढलं की मतदान जवळपास १ टक्क्याने वाढतं, असंही निघालं. थंड देश आहे, त्यामुळे ही गोष्ट आपल्या उन्हाळ्याला लावू नका.

पण स्वीडनच्या निवडणुकांत पावसाचा भरवशाचा परिणाम सापडलाच नाही. नॉर्वेत तर पावसाच्या दिवशी मतदान किंचित वाढलेलं निघालं. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. सुट्टीच्या दिवशी लख्ख ऊन पडलं की लोक फिरायला जातात आणि पाऊस असला की घरी राहतात, मग शेजारच्या शाळेत जाऊन मत देणं जमतं. पाऊस फक्त मतदानाच्या वाटेत येतो असं नाही, मतदानाऐवजी जे करता आलं असतं त्याच्याही वाटेत येतो. तुमच्या तीन निवडणुकांपैकी एखादी जोडसुट्टीला लागून असेल तर ती वेगळी काढून बघा.

फ्रागा आणि हर्श यांनी २०१० मध्ये दाखवलं की अमेरिकेत लढत चुरशीची असेल तिथे पावसाचा परिणाम जवळजवळ मावळतो, एकतर्फी लढतीत उरतो. माझ्या मते सगळ्या अभ्यासांतली कामाची गोष्ट हीच. ठरवून मत देणारा पावसात जातोच. गळतो तो काठावरचा, "बघू, जमलं तर" म्हणणारा.

---

कोपऱ्यावरचा_प्रश्न

म्हणजे पावसाचा फायदा अमुक पक्षाला होतो हे खरं की खोटं?

---

आकडेमोड

त्या २००७ च्या अभ्यासात अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाला थोडा फायदा दिसला. फ्लोरिडात २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत फरक फक्त ५३७ मतांचा होता, त्यामुळे तिथे हवेने निकाल फिरू शकला असता हे गणित जमतं. पण १९९४ साली नॅक या संशोधकांना असा पक्षीय कल सापडला नव्हता. दुसऱ्या देशात हा निष्कर्ष उचलून नेण्यात अर्थ नाही. काठावरचे मतदार कोणाचे, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

---

केंद्रतयारी

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण एक टक्क्याच्या सरासरीत केंद्रावरची हानी झाकली जाते.

१२०० मतदारांचं केंद्र धरा, मतदान ६५ टक्के, म्हणजे ७८० माणसं. वेळ ७ ते ६, म्हणजे ६६० मिनिटं. नाव शोधणं, सही, शाई, मत हे सगळं धरून माणशी ४५ सेकंद लागत असतील, तर दिवसभरात ८८० जण होतात. शंभराची मोकळीक आहे. आता दोन तास मुसळधार पाऊस पडून रांग रिकामी झाली. उरली ५४० मिनिटं, त्यात ७२० जण. ६० माणसं सहा वाजता बाकी, म्हणजे आणखी ४५ मिनिटं. आणि हे रांग एकसारखी चालली तर. प्रत्यक्षात सर थांबली की सगळे एकदम येतात आणि लांब रांग बघून काही जण माघारी फिरतात. टक्का घसरतो तो इथे, पाऊस थांबल्यावर.

म्हणून पहिला उपाय छपराचा. छत्री मिटलेली असेल तर रांगेत माणशी अर्धा मीटर पुरतो, उघडी असेल तर एक मीटर लागतो. दहा मीटर मांडवाखाली छत्र्या मिटवून २० जण उभे राहतात, मांडव नसेल तर तेवढ्याच जागेत १०. ताडपत्रीला उतार द्या आणि पाणी रांगेच्या उलट बाजूला पडू द्या. सपाट बांधलेली ताडपत्री पोटात पाणी साठवते आणि वाऱ्याच्या पहिल्या झोतात रांगेवर रिकामी होते. छत्र्या ठेवायला दाराबाहेर पिंप ठेवा, आत नको. आत आलेल्या छत्रीचं पाणी फरशीवर येतं, नंतर टेबलावरच्या यादीवर. उतरत्या रॅम्पवर गोणपाट अंथरा, कारण चाकाची खुर्ची ओल्या रॅम्पवर मागे घसरते.

दुसरी अडचण बोटाची. शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं. ओल्या बोटावर शाई पसरते आणि ठसठशीत खूण उमटत नाही. शाई लावणाऱ्याकडे सुकी फडकी डझनभर हवीत, एकच फडकं अकरा वाजेपर्यंत पोतेरं होतं. बोट पुसण्याचे पाच सेकंदही वरच्या ४५ मध्ये मिळवा. ७८० माणसांना ते ६५ मिनिटं होतात.

तिसरी व्हीव्हीपॅटची, म्हणजे दिलेलं मत कागदावर छापून दाखवणाऱ्या यंत्राची, आणि इथे चूक हमखास होते. ढग दाटले, खोलीत अंधारलं, की कोणीतरी चांगल्या हेतूने मतदान कक्षावर बल्ब टांगतं. यंत्राला थेट प्रकाश चालत नाही. मे २०१८ च्या पोटनिवडणुकांत कैराना आणि भंडारा-गोंदियात ही यंत्रं मोठ्या संख्येने अडली. नंतर निवडणूक आयोगाने कारणं दिली ती दोन: संवेदकावर पडलेला जास्तीचा प्रकाश आणि दमट हवेत कागदाने शोषलेली ओल. त्यावर संवेदकाला टोपी आणि ओल न धरणारा कागद असे उपाय झाले, पण कक्ष खिडकीला लागून न ठेवणं आणि दिवा बाजूने, लांबून देणं हे आपल्याच हातात आहे. कागदी मतपत्रिका यंत्राने वाचतात तिथेही हेच दुखणं आहे. न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबर २०१८ च्या पावसात ओलसर मतपत्रिका वाचकयंत्रांत अडकून रांगा तुंबल्या.

---

रांगेतला_आकडा

तारखेचा घोळच होता, रकाना एक दिवस पुढे सरकवल्यावर उलटं नातं गेलं. आता तासांचा पाऊस घेतो. दोन पुरवणी प्रश्न: पावसामुळे केंद्राध्यक्षाला मतदान थांबवता येतं का? आणि उन्हाला हीच गणितं लागू होतात का?

---

केंद्रतयारी

लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ चं कलम ५७ नैसर्गिक आपत्तीत मतदान तहकूब करू देतं. पण येऊन जाणारी सर किंवा जोराचा वारा हे पुरेसं कारण नाही, असं केंद्राध्यक्षांच्या पुस्तिकेतच आहे. पाणी खोलीत शिरलं, यंत्राला धोका झाला, तर गोष्ट वेगळी. तहकूब झालेलं मतदान नंतर जिथे थांबलं तिथूनच पुढे चालतं. आधी दिलेली मतं कायम राहतात, त्या मतदारांना पुन्हा यावं लागत नाही. हे लोकांना तिथल्या तिथे मोठ्याने सांगा, नाहीतर "आपलं मत गेलं" अशी अफवा पसरते.

वेळ संपताना रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. केंद्राध्यक्षाच्या सहीच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटत येतात, म्हणजे मागे नवीन कोणी जोडला जात नाही. पावसात मात्र "रांग" आडोशांखाली विखुरलेली असते: पलीकडचा व्हरांडा, झाड, रिक्षा. सहाला पाच मिनिटं असताना माणूस पाठवून सगळ्यांना आवारात आणा. हे राहिलं तर वरच्या गणितातली ती ६० मतं सरळ जातात.

---

हवापाणी

उन्हाचं गणित वेगळं. पाऊस वेळ सांगून येत नाही, ऊन सांगून येतं. लोक दुपार टाळून सकाळी येतात आणि ९ च्या आधीच रांग फुटते. तयारी सकाळच्या लोंढ्याची हवी, मांडव आणि पाणी दुपारी नव्हे तर ८ लाच. २०२४ च्या लोकसभेला तेलंगणात अनेक भागांत मतदान ५ ऐवजी ६ पर्यंत वाढवलं होतं. देशाचा टक्का २०१९ च्या ६७.४ वरून ६५.७९ वर आला, पण तो फरक सगळा उन्हावर टाकू नका, एवढ्या मोठ्या बेरजेत बाकीची कारणं वेगळी काढता येत नाहीत.

मतदानाची मुदत किती दिवसांची आहे यावर सगळ्यात जास्त अवलंबून असतं. जपानमध्ये २२ ऑक्टोबर २०१७ ला मतदान आणि वादळ एकाच दिवशी आले. लोकांनी आधीच्या दिवसांत जाऊन मत दिलं, २ कोटी १३ लाखांवर, तोवरचा विक्रम. एकूण मतदान ५३.६८ टक्के, म्हणजे २०१४ च्या ५२.६६ पेक्षा उलट जास्त. अडलं ते मतमोजणीत, कारण काही बेटांवरून मतपेट्या वेळेत आणता आल्या नाहीत. याउलट अमेरिकेत आयोवातली १५ जानेवारी २०२४ ची, उमेदवार निवडण्यासाठीची रिपब्लिकन पक्षसभा: एकच संध्याकाळ, ठरलेली वेळ, पारा शून्याच्या बराच खाली. २०१६ मध्ये १ लाख ८६ हजारांवर लोक आले होते, या वेळी साधारण १ लाख १० हजार. लढत एकतर्फी होती हेही त्यात आहेच, आकडेमोड यांनी वर सांगितलेली खराब हवा आणि एकतर्फी लढत ही जोडी इथे एकत्र दिसते.

तुमच्या कोष्टकासाठी शेवटचं: दर दोन तासांनी जाहीर होणाऱ्या टक्केवारीवरून पाऊस कधी आडवा आला ते शोधू नका. खराब हवेत फोनचं जाळं बसतं, आकडे उशिरा पोचतात, आणि ३ वाजताची घसरण ५ वाजता आपोआप "भरून निघते". केंद्राची एकूण बेरीज फॉर्म १७-सी, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबावरून घ्या, आणि तासांची विभागणी हवीच असेल तर केंद्राध्यक्षाच्या डायरीतल्या नोंदी मिळतात का ते बघा.