लिस्बन: 28 नंबरच्या ट्रामचं तिकीट ऑनलाइन कुठे मिळतं? (तातडीने मदत हवी)

घाईगडबड
पुढच्या शनिवारी लिस्बनला पोचतोय. 28 नंबरच्या ट्रामचं आरक्षण कुठेच सापडत नाहीये. एका साइटवर 28 च्या नावाने 'टूर' विकतात, किंमत बघून डोळे पांढरे झाले. चौघं आहोत. किल्ला, त्याखालची जुनी वस्ती अल्फामा, आणि नदीकाठचं बेलें एवढं करायचंय. कृपया नेमकं सांगा. 'गूगल करा' नको, ते करून झालंय.

घाटवाट
आरक्षण नसतंच. ती गावातली रोजची ट्राम आहे, बेस्टच्या बससारखी. मेट्रो स्टेशनच्या मशीनमधून नावेगांत कार्ड घ्या, 50 सेंट, माणशी एक. चौघांत एक कार्ड चालत नाही. त्यावर एकतर झॅपिंग भरायचं, म्हणजे पैसे टाकायचे आणि दर फेरीला कापले जातात, नाहीतर 24 तासांचं तिकीट, सुमारे 7 युरो. 24 तास पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून मोजतात, तारखेवर नाही. झॅपिंगचे पैसे शिल्लक असताना त्याच कार्डावर 24 तासांचं तिकीट चढत नाही, तिथेच लोक मशीनशी भांडत बसतात. ट्राममध्ये चालकाकडून सुटं तिकीट घेतलंत तर बरंच महाग पडतं.
चौघं म्हणजे कोण? उतरताय कुठे?

घाईगडबड
धन्यवाद. आम्ही दोघं आणि माझे आईबाबा. घर अल्फामात घेतलंय. पण 28 मध्ये जागा मिळते का ते सांगा ना.

सुपारीचं खांड
28 सुटते त्या मार्तीं मोनीशच्या थांब्यावर दहा वाजता जाऊन उभे राहिलात तर नाही मिळणार. जुन्या डब्यात बसायच्या जागा 20, रांग चौकभर. सकाळी आठच्या आत जा, किंवा दुसऱ्या टोकाला, कांपु दी ओरीकच्या दफनभूमीपाशी बसा. तिथे रांग कमी असते आणि खिडकी मिळते. मधल्या थांब्यावर चढलात तर उभं राहून लोकांच्या काखा बघायच्या. पाकीट मागच्या खिशात ठेवू नका, याच ट्रामवर हात मारणारे असतात.

मैलाचा दगड
28 चा एवढा सोस कशाला? सिंत्राला जा, लिस्बनजवळचं राजवाड्यांचं गाव. रोसिओ स्टेशनहून लोकल, साधारण 40 मिनिटं. पेना राजवाड्याची तिकिटं मात्र आधी काढा. तिकिटावरची वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नाही. फाटकापासून दारापर्यंत अर्धा तास चढ आहे. वेळ चुकली की आत सोडत नाहीत.

घाईगडबड
सिंत्रा विचारलंच नाहीये हो. किल्ल्याला चढून जावं लागतं का? आईचा एक गुडघा बदललाय.

घाटवाट
हे आधी सांगायचं! 28 ची पायरीच उंच असते, दांडा धरून स्वतःला ओढून घ्यावं लागतं. आईंना चढता येतं की उतरताना त्रास होतो?

घाईगडबड
चढते. उतरताना दुखतं.

सुपारीचं खांड
मग सोपं आहे. वर वाहनाने जायचं आणि खाली चालत यायचं. पोर्ताश दु सोल या वरच्या चौकात उतरा, तिथून अल्फामाच्या गल्ल्यांतून रमतगमत नदीपर्यंत. सगळं अल्फामा बघून होतं.

कढीलिंब
@सुपारीचं खांड, त्यांनी आत्ताच लिहिलंय की उतरताना दुखतं. नीट वाचा की. त्या गल्ल्या म्हणजे सगळ्या पायऱ्या. त्यातून पायाखाली चुनखडीच्या गुळगुळीत फरश्या, पाऊस पडला की साबण. उतरताना सगळा भार गुडघ्यावरच येतो.

सुपारीचं खांड
काठी घेऊन सगळे उतरतात. वय झालं म्हणून घरात बसवायचं का?

कढीलिंब
घरात बसवा कोण म्हणतंय? 737 नंबरची छोटी बस आहे, प्रासा दा फिगेइरा चौकातून थेट किल्ल्याच्या दाराजवळ. त्यानेच जा, त्यानेच परत या. 28 पेक्षा गर्दी कमी.

घाटवाट
737 ला +1. दुसरी युक्ती, फुकटची: बायशा या सखल भागात रुआ दुश फांकेइरुश रस्त्यावर एका जुन्या इमारतीच्या पोटात लिफ्ट आहे, दार साधं, सहज चुकतं. ती वर रुआ दा मादालेनावर सोडते. रस्ता ओलांडून चौक पार केला की सुपरमार्केट असलेली इमारत लागते, तिच्यात दुसरी लिफ्ट. तिच्या माथ्यावरून बाहेर पडलं की किल्ल्याखालचा रस्ता, कोश्ता दु काश्तेलु. पुढे किल्ल्याच्या दारापर्यंत दहाएक मिनिटांचा चढ उरतो, तो मात्र पायीच. परतही त्याच लिफ्टने या. किल्ल्यात तटावर आईंना नेऊ नका, पायऱ्या ओबडधोबड आहेत. खालच्या पटांगणातून नदी आणि शहर दोन्ही दिसतं.

मैलाचा दगड
सांता जुश्ताची लिफ्ट कशी विसरलात? 1902 ची, लोखंडी, 45 मीटर!

घाटवाट
चालू असेल तर 24 तासांच्या तिकिटात ती येते, पण तासभर रांग लावून मिनिटभर वर जायला काय अर्थ? बायशा-शियादु मेट्रो स्टेशनात खालच्या बाजूने शिरा, सरकते जिने धरा, शियादुच्या चौकात बाहेर या. तिकीट लागत नाही. कार्मुच्या पडक्या चर्चमागच्या गच्चीवरून त्या लिफ्टचा वरचा पूल दिसतो. ते चर्च 1755 च्या भूकंपात पडलं, आजही छप्पर नाही. ग्लोरियाच्या तिरक्या ट्रामचं विचारू नका, सप्टेंबर 2025 च्या अपघातानंतर ती थांबवली.

कढीलिंब
@घाईगडबड, घर अल्फामात नेमकं कुठे? टॅक्सी दारापर्यंत येते का, मालकाला आजच विचारा. बऱ्याच गल्ल्यांत गाडी शिरतच नाही आणि चाकांची बॅग पायऱ्यांवर काही कामाची नाही. फादु (इथलं पारंपरिक गाणं) संग्रहालयासमोरचा चौक सपाट आहे, गाडी येते. तिथून घर किती पायऱ्यांवर आहे ते विचारा.

घाईगडबड
विचारलं. 62 पायऱ्या म्हणतोय. 😐

कढीलिंब
रद्द करता येत असेल तर बायशात घ्या. भूकंपानंतर नव्याने आखलेला, काटकोनी रस्त्यांचा सपाट भाग. इमारतीत लिफ्ट आहे ना, ते वेगळं विचारा. जुन्या इमारतींत नसते.

पोफळी
विषय निघालाच आहे तर, आजोबा 1961 च्या आधी गोव्यात जन्मले असतील तर पोर्तुगीज नागरिकत्वाची कागदपत्रं लिस्बनला जाऊन लवकर होतात का?

घाटवाट
वेगळा धागा काढा.

मैलाचा दगड
बेलेंला वास्को द गामाची कबर बघाच. गोवेकरांनी तर नक्कीच.

पोफळी
तो कोचीला मेला ना? कबर तिथे आहे.

मैलाचा दगड
1524 मध्ये कोचीला वारला, पुरलाही तिथेच. 1539 मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले, 1880 मध्ये बेलेंच्या जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये आणले. कोचीला आता फक्त जागा दाखवतात.

सुपारीचं खांड
खाण्याचं कोणीच बोललं नाही. बसल्याबसल्या पाव-ऑलिव्ह आणून ठेवतात, ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत करा. शाकाहारी असाल तर 'काल्दु वेर्द' या पालेभाजीच्या सूपमध्ये चोरिसचा, म्हणजे डुकराच्या सॉसेजचा, तुकडा असतो. पाश्तेल दी नाता अंड्याच्या बलकाचं आहे.

घाईगडबड
आई अंडंही खात नाही. बरं, घर बदलतोय, बायशात मिळालं. आता शेवटचं: बेलें सोमवारी ठरवलंय.

घाटवाट
सोमवारी जेरोनिमुश बंद! मंगळवारी जा, उघडायच्या आधी पोचा. चर्चची रांग वेगळी, मठाच्या चौकाची वेगळी, चुकीच्या रांगेत उभे राहू नका. बेलेंचा मनोरा 2025 मध्ये दुरुस्तीसाठी बंद केला होता, उघडलाय का ते अधिकृत साइटवर बघून घ्या. जायला 15 नंबरची ट्राम, प्रासा दा फिगेइराहूनच. या मार्गावर लांब, खालच्या फरशीचे नवे डबे असतात. जुना छोटा डबा आला तर सोडून द्या, पुढचा घ्या.

कढीलिंब
किंवा काइश दु सुद्रे स्टेशनहून कश्काइशची लोकल. सगळ्या गाड्या बेलेंला थांबत नाहीत, फलाटावरचा फलक वाचूनच चढा.