घरगुती एम्ब्रॉयडरी मशीन पहिल्यांदा घेताना काय बघावं? नाशिककरांनो, अनुभव लिहा

दुकानात गेलं की आधी 'आत डिझाइन किती' हेच ऐकवतात. घरी ब्लाऊज, ड्रेस, दप्तरावरची नावं एवढंच काम असेल तर खरं काय तपासायचं? मशीन रोज चालवणाऱ्यांनी आणि उघडून बसणाऱ्यांनी लिहा. कोणी कुठलं घेतलं याची गोष्ट नको, मापं आणि कारणं द्या.

ब्लाऊज शिवणारी, सिडको

आधी टेप काढा. बाहीचा घेर साधारण 12 इंच, म्हणजे 305 मिमी. 100×100 मिमीच्या हूपमध्ये (कापड ताणून धरणारी चौकट) एका बाहीचा काठ काढायला कापड तीनदा लावावं लागतं आणि दोन ठिकाणी जोड येतो. जोड एक मिलिमीटर सरकला तरी वेलीचा देठ तुटलेला दिसतो. 130×180 मध्ये दोनदा लावून भागतं. 200×280 असेल तर एकदाच, कारण उरलेला इंचभर काखेखालच्या शिलाईकडे जातो, तो कोणी बघत नाही.

मागच्या गळ्याला मात्र मोठा हूप लागतोच असं नाही. अर्धा गळा काढायचा, तोच आरशासारखा उलटवून दुसरा अर्धा. खोली सात इंचांच्या आत असेल तर 130×180 पुरतो. म्हणून ब्लाऊजसाठी घेणार असाल तर 130×180 पेक्षा खाली जाऊ नका. मशीन घेतल्यावर हूपचं क्षेत्र वाढत नाही. लांब हूप जोडायला मिळतो, पण एका वेळी शिवायची मर्यादा तीच राहते.

आणि ब्लाऊजपीस आधी बेतू नका. खुणा करा, भरतकाम करा, मग कापा. टाके कापड थोडं आत ओढतात, आधी कापलेली बाही हमखास लहान होते.

मशीन दुरुस्ती, पंचवटी

दुकानातला नमुना जाड ड्रिल कापडावर असतो, खाली आधाराचा भक्कम पेपर. त्यावर कुठलंही मशीन सुंदरच काढतं! डेमोला आपलं कापड न्या: एक जॉर्जेट, एक साधं कॉटन. भरलेला गोल आणि त्याभोवती बाह्यरेषा काढायला सांगा. रेषा आणि भरावात एका बाजूला फट पडली तर कापड सरकलंय किंवा हूप नीट बसलेला नाही. पेपर बदलून, कापड पुन्हा ताणून लावूनही तीच फट त्याच बाजूला आली तर ते मशीन घेऊ नका.

नमुना उलटा करून बघा. जाड साटीन टाक्याच्या (शेजारी-शेजारी भरलेल्या) मागे मधला एक तृतीयांश भाग बॉबिनच्या, म्हणजे खालच्या रिळाच्या, पांढऱ्या दोऱ्याचा दिसायला हवा. पांढरा वरच्या बाजूला डोकावत असेल तर वरचं टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, जास्त आहे.

नवशिक्यांचे सर्वाधिक फोन येतात ते खाली दोऱ्याचा गुंता झाला म्हणून. ताई लगेच बॉबिन बदलतात, पण दोष बहुतेक वेळा वर असतो. प्रेसर फूट (कापड दाबणारा पाय) खाली ठेवून दोरा ओवला की टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही. फूट वर करा, ओवा, दोरा टेकअप लिव्हरच्या (वर-खाली होणाऱ्या दांड्याच्या) डोळ्यातून गेला का ते बघा. मग मशीन सुरू करा.

सुया मागतानाही नीट सांगा. घरगुती मशीनला सहसा चपट्या दांड्याची सुई लागते, कारखान्याच्या मशीनची गोल दांड्याची बसत नाही. रोजच्या कामाला 75/11 मापाची. आठ-दहा तास चालली की बदला, मोडायची वाट बघू नका.

नावं, लोगो, टी-शर्ट, कॉलेज रोड

दुरुस्तीवाल्या दादांचं पटलं, एक भर घालते. टी-शर्टला फाडून काढायचा पेपर वापरू नका. कापड ताणतं, पहिल्या धुण्यात अक्षरं आक्रसतात. कापून काढायचा पेपर लावा, तो मागे कायम राहतो. टॉवेल आणि मखमलीवर वरून पाण्यात विरघळणारी फिल्म, नाहीतर टाके लवेत बुडतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर घेऊच नका, 'क्ष' आणि 'ज्ञ' तर ठिपकाच होतात.

मशीन कुठल्या प्रकारची डिझाइन फाइल वाचतं ते आधी विचारा. ब्रदर पीईएस वाचतं, जॅनोमी जेईएफ. डीएसटी पुष्कळ ठिकाणी चालते, पण तिच्यात खरे रंग नसतात, पडद्यावर भलतेच दिसतात. क्रम कागदावर लिहून ठेवा. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो नाव बदलून एम्ब्रॉयडरी फाइल होत नाही, टाके आखावे लागतात. त्यासाठी इंक/स्टिच हे सॉफ्टवेअर फुकट आहे, शिकायला वेळ घेतं.

वेळेचा हिशोब: 10,000 टाके, मिनिटाला 600, म्हणजे सतरा मिनिटं. पण सुई एकच. सात रंग म्हणजे सहा वेळा थांबून दोरा बदलणं, वर मधले दोरे कापणं. अर्धा तास धरूनच गिऱ्हाइकाला दर सांगा.

येवल्याहून, पैठणी ब्लाऊज

पैठणी हूपमध्ये आवळू नका. काठाच्या जरीवर वळ उठतो आणि तो इस्त्रीने जात नाही. हूपमध्ये फक्त चिकट पेपर लावा, कापड वरून अलगद चिकटवा, कडेने टाचून घ्या. जरीकाठावर सुई नेऊच नका, जर तुटते. भरतकाम मधल्या रेशमावर.

जरीच्या दोऱ्याला 90/14 ची मेटॅलिक सुई, वेग 400 च्या खाली, वरचं टेन्शन सैल. रीळ मशीनपासून फूटभर लांब उभ्या स्टँडवर ठेवा, म्हणजे दोऱ्याचा पीळ वाटेत सुटतो. तरीही तुटत असेल तर दोराच हलका आहे. मेन रोडला घेताना हातभर उलगडून बघा, सोडल्यावर स्वतःभोवती गुंडाळला तर ठेवून द्या.

गंगापूर रोडवरून, थोडक्यात

अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकांना मशीन सांगू नका. तिकडचं 120 व्होल्टचं, आपल्याकडे 230. ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो, आणि वॉरंटी इथे सहसा चालत नाही. इथलं घेतानाही विचारा: दुरुस्तीला माणूस नाशिकचा येतो की मुंबई-पुण्याहून, आणि फेरीचे पैसे वेगळे का.

पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा संगणकाचा छोटा यूपीएस जोडा. शिवताना वीज गेलीच तर हूपमधून कापड काढू नका. कापड तसंच असलं तर टाक्यांचा आकडा पुढे सरकवून तिथूनच सुरू करता येतं. ही सोय आहे का ते दुकानात चालू मशीन बंद करून तपासा. विक्रेता नको म्हणाला तरी.