अंगावरचे जंतू मारायचे आणि पोटातले वाढवायचे?

कांदिवलीची_आई
मुलगा साडेतीन वर्षांचा. कोपराच्या खळगीत आणि गुडघ्यामागे एक्झिमा आहे, रात्री खाजवून रक्त काढतो. त्वचेच्या डॉक्टरांचं मलम आणि मॉइश्चरायझर चालू आहे, त्याबद्दल शंका नाही. पण शेजारच्या काकू म्हणतात, आंघोळीच्या पाण्यात अँटिसेप्टिक घाल, जंतू मरतील. केमिस्टने प्रोबायोटिकच्या पुड्या दिल्या, पोटातले जंतू वाढतील म्हणून. सासूबाई दोन्ही वेळा दहीभात भरवतात. मग शरीराला जंतू हवेत की नकोत? की त्याची प्रतिकारशक्तीच कमी आहे?

विरार_फास्ट
आमच्या मुलीलाही आहे. आंघोळ पाच-दहा मिनिटांत उरकायची, पाणी कोमट, अंग टिपून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर थापायचं. घाम आला की खाज वाढते, म्हणून शाळेतून आल्यावर नुसत्या पाण्याने धुतो. अँटिसेप्टिक आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बंद केलं.

परळच्या_बाई
मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांबद्दल काही सांगणार नाही. पण तुमचा प्रश्न फार नेमका आहे आणि त्याचं उत्तर मिळायलाच हवं.

आधी शेवटचं घेते. एक्झिमात प्रतिकारशक्ती कमी नसते, ती नको तिथे भडकलेली असते. काही मुलांत फिलॅग्रिन या प्रथिनाचं जनुक सदोष असतं. त्यामुळे त्वचेचा वरचा थर सैल राहतो, ओलावा निघून जातो आणि बाहेरचं आत शिरतं. आतल्या पेशी त्यावर तुटून पडतात, त्यातून सूज आणि खाज. खाजवलं की थर आणखी फाटतो.

आता जंतू. प्रौढ माणसाच्या शरीरात अंदाजे 38 लाख कोटी जिवाणू असतात आणि स्वतःच्या पेशी 30 लाख कोटींच्या आसपास. बहुतेक जिवाणू मोठ्या आतड्यात, पण त्वचेवरचेही रिकामटेकडे नाहीत. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस आपल्या सगळ्यांच्या अंगावर असतो आणि जखमेनंतरची सूज आवरणारा एक रेणू त्याच्याकडून मिळतो. त्याच्या भाऊबंदांपैकी काही जण स्टॅफिलोकॉकस ऑरियसला मारणारी द्रव्यं बनवतात. एक्झिमा उसळतो तेव्हा नेमका हा ऑरियस माजतो आणि त्याची विषद्रव्यं सूज वाढवतात. अँटिसेप्टिकला यातला कोण आपला, कोण परका हे कळत नाही. शिवाय निरोगी त्वचा किंचित आम्ल असते, पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकी आम्लता जास्त) 5 च्या आसपास. साध्या साबणाचा 9 ते 10, म्हणून तोही ही आम्लता बिघडवतो. (डॉक्टर कधी कधी प्रमाण ठरवून जंतुनाशक आंघोळ सांगतात. ते उपचार म्हणून, आपल्या मनाने करायचं काम नाही.)

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो 2015 सालचा उंदरांवरचा प्रयोग. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात पिलांच्या त्वचेवर एपिडर्मिडिस लावला, तेव्हा प्रतिकारसंस्थेला आवर घालणाऱ्या टी पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) त्वचेत मोठ्या संख्येने येत होत्या. ती पिल्लं पुढे त्या जिवाणूला निमूट सहन करत. मोठ्या उंदरांना पहिल्यांदा लावला तर तशी सहनशीलता आली नाही. कोणाशी भांडायचं नाही, हेही प्रतिकारसंस्था शिकते, आणि त्यातलं बरंच लहानपणी शिकते.

आतड्यात हेच जास्त मोठ्या प्रमाणावर चालतं. तिथे अस्तर एकाच पेशीइतकं जाड. मोठ्या आतड्यात त्यावर श्लेष्माचे (बुळबुळीत द्रावाचे) दोन थर असतात, आतला जवळजवळ जंतुविरहित. आयजीए नावाची प्रतिपिंडं जिवाणूंना वेढून अस्तरापासून लांब ठेवतात. ज्या उंदरांना पूर्ण जंतुविरहित वाढवतात त्यांच्यात हे आयजीए फार कमी बनतं आणि आतड्यातल्या प्रतिकारग्रंथीही नीट वाढत नाहीत. भाजी-डाळीतला आपल्याला न पचणारा चोथा आंबवून जिवाणू ब्युटिरेट नावाचं द्रव्य बनवतात. त्याने त्याच आवर घालणाऱ्या टी पेशी वाढतात, हे 2013 मध्ये उंदरांत दिसलं.

म्हणून काकूंचा सल्ला नको. जंतू हवेत, पण आपापल्या जागी, आणि मधली भिंत शाबूत हवी. तुमचं मॉइश्चरायझर तीच भिंत धरून ठेवतंय, ते कमी लेखू नका.

कांदिवलीची_आई
बाई, खूप आभार. मग पुड्या बंद करू? दही?

परळच्या_बाई
पुडीवर कोणता जिवाणू लिहिलाय ते डॉक्टरांना दाखवा आणि त्यांना विचारूनच ठरवा. झालेला एक्झिमा प्रोबायोटिकने बरा होतो असा भरवशाचा पुरावा नाही. 2018 मध्ये इस्रायलमध्ये प्रौढांवर झालेल्या एका अभ्यासात तर अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परतायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

दह्याचे गोडवे मेचनिकॉफने शंभर वर्षांपूर्वीच गायले होते, प्रतिकारपेशींवरच्या कामासाठी 1908 चं नोबेल मिळालेला तोच. परळच्या हाफकिन संस्थेला ज्यांचं नाव आहे ते हाफकिन त्याचेच विद्यार्थी. दुधाची ऍलर्जी नसेल तर सासूबाईंचा दहीभात खुशाल चालू द्या, अन्न म्हणून. त्याबरोबर मोडाची मटकी, भाकरी, फळं, भाज्याही हव्यात.

आणि त्या चट्ट्यांतून पू आला, मधासारखी पिवळी खपली धरली किंवा ताप आला, तर इथे विचारत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.